रुमालाखालचा हात

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा माझी नणंद तिच्या सासरी होती. माझा थोरला रांगायला लागला तेव्हा ती परत आली होती, कायमची. तिला मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी केली, आणि एका घरात दोघी नकोत म्हणून आधीचीला भावाच्या दारात आणून सोडलं. एवढीच तिची हकिगत. शहापूर-मुरबाडच्या आमच्या पट्ट्यात तेव्हा अशी एखादी बाई कुठल्याही गावात सापडायची, त्यामुळे कोणाला त्यात विशेष काही वाटलं नाही.

मी त्यांना वन्स म्हणते. माझ्याहून बऱ्याच मोठ्या, आणि बोलणं बेताचं. मी नेमकी उलट. माझ्या तोंडाला झाकण नाही असं माझी सासू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आणि त्यात तिनं फार वाढवून सांगितलं असं मला म्हणता येणार नाही. माझा नवरा कसाऱ्याला रेल्वेच्या गँगमध्ये रुळांच्या कामावर. सुट्टीला तेवढा घरी यायचा. शेत, गुरं, लाकूडफाटा हे सगळं आम्ही दोघी बघायचो. वन्स काम करायच्या आणि मी काम करता करता भांडायचे.

वन्सना कोणी वाईट वागवत नव्हतं. पण जेवायला त्या सगळ्यांच्या मागून बसायच्या, तेही कोणी सांगितलं नसताना. दिवाळीला मला नवी साडी यायची आणि माझी जुनी सासू त्यांना द्यायची. पोटची मुलगी, तरी. एका दिवाळीला मी मुद्दाम नवी त्यांना दिली आणि जुनी नेसून गावभर हिंडले, तर सासू माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. ‘लोक काय म्हणतील, सून जुन्यात नि परत आलेली नव्यात!’ हे तिचं म्हणणं. लोक काय म्हणतील या एका काळजीवर आमचं सगळं घर चालायचं.

आणि लोक म्हणजे मुख्यतः माझे चुलत सासरे. त्यांना आम्ही काका म्हणायचो. माझे सासरे लवकर गेले, तेव्हापासून घरातला मोठा निर्णय काकांना विचारल्याशिवाय व्हायचा नाही. माणूस वाईट नव्हता. अडीअडचणीला धावून यायचा. फक्त दुसऱ्यांची लग्नं जमवण्याचा त्यांना भारी सोस. त्या वर्षी भातकापणी आटोपली आणि काका आमच्या ओटीवर येऊन बसले. तानशाच्या बाजूचा एक बिजवर त्यांनी वन्ससाठी बघून ठेवला होता. पोरं मोठी झालेली, सुना आपापल्या संसारात, म्हाताऱ्याला भाकरी करून घालायला कोणीतरी हवं होतं.

“भावाच्या दारात बाय किती दिस बसल?” काका म्हणाले. “म्हशाची जत्रा होऊन जावदे. मग त्यांना हो म्हणून कळवतो.”

नवऱ्यानं मान हलवली. काकांसमोर त्याची मान तेवढी एकाच दिशेनं हलायची. सासू काही बोलली नाही. वन्स आत तांदूळ पाखडत होत्या आणि सुपाचा आवाज एकदाही थांबला नाही, म्हणून मला वाटलं त्यांनी ऐकलंच नसेल. दुसऱ्या दिवशी ओढ्यावर गोधड्या धुताना त्या पिळा घालता घालता म्हणाल्या, “वयनी, मला नाय जायाचं गो तिकडं.”

घरी परत आल्यापासून त्यांनी स्वतःला काय हवं, काय नको हे तोंडानं सांगितल्याचं मला आठवत नव्हतं. माझ्या हातातली गोधडी पाण्यात गेली.

“मग काय करायचं?” मी विचारलं.

“गटातून म्हस घ्यायची,” त्या म्हणाल्या. सगळं मनात ठरवून झालं होतं. गावातून सायकलवर दूध गोळा करून आसनगावला घालणारा एक गवळी होता, त्याच्याशीही त्या बोलून आल्या होत्या. दुधातून गटाचा हप्ता जाईल आणि उरेल त्यातून आपल्या जेवणाखाणाचा भार त्या स्वतः उचलतील. “मग मी कोनाच्या दारात बसल्याली नाय,” असं म्हणून त्या पुन्हा गोधडीला लागल्या.

आमच्या बचत गटाला तेव्हा तीन-चार वर्षं झाली असतील. शहापूरहून एका संस्थेची ताई यायची आणि शनिवारी दुपारी शाळेच्या पडवीत आम्ही जमायचो. वन्सना गटात मी ओढून नेलं होतं. गट आधी फार शांत होता. मग एक टेपरेकॉर्डर आला आणि आम्ही शहाण्या झालो. झालं असं, की गटातल्या एकीनं गायीसाठी कर्ज घेतलं. बाजारात जायचं म्हणून पैसे नवऱ्याकडं दिले. तो तीन दिवसांनी उगवला, तो खांद्यावर टेपरेकॉर्डर घेऊन. गायीचं विचारलं तर म्हणे चांगली गाय कुठं दिसलीच नाही. पुढं तो टेप गावात मोठ्यानं वाजायला लागला की आम्ही तिला म्हणायचो, ‘जा बाई, तुझी गाय हंबरतेय.’ ती बिचारी हसायची आणि मोलमजुरी करून हप्ता भरायची. त्यानंतर आम्ही नियम केला: जिच्या नावानं कर्ज, तिनं स्वतः बाजारात उभं राहून वस्तू घ्यायची. व्यवहार दुसऱ्यानं केला तर पैसे परत गटात.

नियम करताना सगळ्यांनी जोरात हात वर केले होते. जनावराच्या बाजारात सौदा कसा होतो याचा विचार त्या वेळी कोणाच्या मनात नव्हता.

मुरबाडच्या पुढं म्हसा नावाचं गाव आहे. पौष पौर्णिमेला तिथं जत्रा भरते आणि जत्रेत गुरांचा मोठा बाजार. घाटावरून, नाशकाकडून, कुठून कुठून माणसं जनावरं घेऊन येतात. तिथं जनावराची किंमत तोंडानं बोलत नाहीत. विकणारा खांद्यावरचा रुमाल काढतो, घेणाऱ्याचा आणि आपला हात त्याखाली घेतो आणि दोघं बोटांनी बोलतात. एक बोट धरलं की एक, पंजा धरला की पाच, पेर दाबलं की अर्धा, अशी त्यांची भाषा. भोवती माणसांचा गराडा असतो, पण सौदा त्या दोघांपलीकडं कोणाला कळत नाही. शेवटी रुमाल उचलला जातो आणि दावं एका हातातून दुसऱ्या हातात जातं.

माझा नवरा लहानपणी बापाबरोबर हे बघून शिकला होता. पुढच्या सुट्टीला आला तेव्हा वन्सनी त्याच्यासमोर टॉवेल ठेवला आणि म्हणाल्या, “शिकव रे.” बहीण-भाऊ पडवीत गुडघ्याला गुडघा लावून बसले. काकांपुढं मान हलवणारा हा माणूस बहिणीला मात्र मन लावून शिकवत होता. चुकलं की तो चिडायचा आणि त्या हसायच्या. त्या दोघांना एकत्र हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि मला बरं वाटलं.

गटानं वन्सना म्हशीसाठी कर्ज दिलं, आणि बोटांची ही भाषा वन्सनी गटात नेली. पुढचे शनिवार बैठकीचं कामकाज झटपट उरकायचं आणि पदराखाली हात घालून सौदे सुरू व्हायचे. हसून हसून पोट दुखायचं. गटातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या आजीनं एका दुपारी सगळ्यांच्या गाई, बैल आणि एकीची सासूसुद्धा विकत घेतली. संस्थेची ताई आली तेव्हा तिलाही आम्ही खाली बसवलं. तिला पेर आणि बोट यातला फरक शेवटपर्यंत कळला नाही आणि तिनं दोनदा बैल महाग घेतला. वन्सना मात्र कोणी हरवू शकलं नाही. बोटं चालायची आणि चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसायचं नाही. इतकी वर्षं सासरी आणि मग माहेरी चेहरा न हलवता काढलेली बाई ती. तिच्या मनातलं कोणाला कळणार होतं?

जत्रेला आम्ही चौघी गेलो. मी, वन्स, ती टेपरेकॉर्डरवाली आणि म्हातारी आजी. नवरा येतो म्हणाला तर वन्सनी त्याला घरीच बसवलं. सरळगावच्या एकाचा टेम्पो परतीला सांगून ठेवला होता. सकाळची थंडी, धुरळा, घोंगड्यांचे ढीग, मिठाईची दुकानं, आणि त्यांच्या पलीकडं नजर जाईल तिथवर शिंगंच शिंगं. गुरांच्या बाजारात बायका नव्हत्याच म्हटलं तरी चालेल. माणसं आमच्याकडं बघत होती. मी उलट त्यांच्याकडं बघत होते, म्हणून ती नजर वळवत होती.

वन्सनी पुष्कळ म्हशी पाहिल्या. अखेर एकीपाशी थांबल्या. दुसऱ्या वेताची, कासेला भरलेली, पायाशी पारडी. त्यांनी मालकाला विचारून धार काढून पाहिली. म्हैस हलली नाही. वन्सनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्याकडं बघितलं, आणि मला कळलं की हीच. मालक घाटावरचा, मिशीवाला, मऊ बोलणारा माणूस. त्यानं खांद्यावरचा रुमाल काढला, हातावर टाकला आणि आमच्या मागं बघत म्हणाला, “चला, कोन बसतंय हाताला? गडी कुठाय तुमचा?”

आम्ही चौघी एकमेकींची तोंडं बघत राहिलो.

आज सांगताना हसू येतं. सगळा गट बोटं शिकला, आजी शिकली, ताईसुद्धा शिकायला बसली, आणि समोरचा हात परक्या पुरुषाचा असणार हे आमच्यातल्या एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं. शिकवणारा सख्खा भाऊ आणि सराव सगळा बायकाबायकांत. रुमालाखाली दुसऱ्या बाजूला कोणीतरी असतं याचा विचारच केला नव्हता. त्या वेळी मात्र हसू आलं नाही.

“गडी नाय. घेणार ह्याच,” मी वन्सकडं बोट दाखवलं.

“आवं बाई, बाईमानसाचा हात कसा धरू मी?”

“मग तोंडानं सांगा किंमत. आमचे कान चांगले हायेत.”

“तोंडानं बोललो तर हितं उभी हायेत ती समदी ऐकत्यात,” तो म्हणाला. “मंग दुसऱ्या गिऱ्हाइकापाशी माझं काय राहतंय?”

त्याचं खोटं नव्हतं, म्हणून तर मला जास्त राग आला. तुमच्या घरातली कोणी बाई असेल तर तिला बसवा, असं मी सुचवलं. तो म्हणाला, बाई घरी, तिला कोण आणतंय बाजारात. तेवढ्यात एक दलाल पुढं सरकला आणि म्हणाला, मी बसतो की तुमच्या वतीनं, काय वाईट आहे? त्यात वाईट हेच की आमचा नियम होता. आजी मला कानात म्हणाली, “बसव गो त्याला. नियम काय देवानं क्यलाय?” टेपरेकॉर्डरवाली मात्र ठाम उभी राहिली. “नाय,” ती म्हणाली. “मी एकदा दिलंय दुसऱ्याच्या हातात.”

मग आम्ही दुसऱ्या म्हशीकडं गेलो, तिसऱ्या म्हशीकडं गेलो. सगळीकडं तोच रुमाल आणि तोच प्रश्न. फिरून फिरून दुपार कलली. टेम्पोवाल्यानं निरोप धाडला की अंधार पडायच्या आत निघायचं. आम्ही परत त्या पहिल्या म्हशीपाशी आलो. ती अजून विकली गेली नव्हती.

आणि तिथं समोर काका उभे होते. बैल बघायला आले होते, बरोबर गावातली आणखी दोघं-तिघं. कोणीतरी त्यांना आमचं सांगितलं असणार. हाताची घडी घालून ते बघत राहिले, पुढं आले नाहीत.

वन्सनी त्यांना पाहिलं. मला त्या क्षणी त्यांची फार कीव आली, आणि काकांचा संताप आला. रिकाम्या हातानं परत गेलं तर जत्रा झाली, तानशाला होकार जाणार. आणि भर बाजारात परपुरुषाचा हात धरला तर नवऱ्यानं टाकलेल्या बाईबद्दल गाव जे बोलायला टपलेलं असतं ते बोलायला काकांना आयतं कारण मिळणार. मी म्हटलं, “वन्स, जाऊंदे. पुढच्या बाजाराला काहीतरी करू.” पुढचा बाजार म्हणजे काय हे मलाही माहीत नव्हतं.

वन्सनी उजवा हात पदराला पुसला. त्या मालकाच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या, त्याच्या हातावरचा रुमाल एका बाजूनं उचलला आणि आपला हात आत घातला.

तो माणूस इतका दचकला की त्यानं हात जवळजवळ काढूनच घेतला. “सांगा,” वन्स म्हणाल्या.

त्यानं मान खाली घातली आणि सांगितलं. वन्सनी नकारार्थी मान हलवली. मग रुमाल हलत राहिला. वन्स म्हशीकडं बघत होत्या, मालक जमिनीकडं. थंडीच्या दिवसांत त्याच्या कपाळावर घाम आला होता. माणसं जमली, कोणी खाकरलं, कोणी काही बोललं आणि हसलं. मी त्या हसणाऱ्याकडं असं बघितलं की तो मागं झाला. हळूहळू सगळे गप्प झाले, कारण सौदा खरा चालला होता आणि खरा सौदा बघायला बाजारातल्या माणसाला आवडतंच. दोनदा मालकानं हात काढायचं नाटक केलं, दोनदा वन्सनी काढू दिलं आणि वाट बघितली. तिसऱ्यांदा त्यानं मान वर केली, मोठ्यानं हसला आणि रुमाल झटकला.

“बाई, लई चिवट हात तुमचा,” तो म्हणाला आणि दावं त्यानं वन्सच्या हातात दिलं.

मला ओरडावंसं वाटत होतं आणि भीतीही वाटत होती. आजीनं म्हशीच्या कपाळाला कुंकू लावलं. मी मागं वळून पाहिलं तेव्हा काका तिथं नव्हते. म्हैस काय भावात पडली हे आमच्या गटाला ठाऊक. गावाला वन्सनी कधी सांगितलं नाही, म्हणून मीही इथं सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका ओटीवर आले. बरोबर भावकीतले दोन जाणते. नवरा सुट्टीवर होता, तो उठून उभा राहिला आणि त्यांना बसायला घोंगडी टाकली. सासू दाराशी बसली. काकांनी चहाला नको म्हटलं, तेव्हाच मला कळलं, हे जाब विचारायला आलेत.

“आमी बाजारात उभं होतो,” ते म्हणाले. “आपल्या घरातली बाय परक्या माणसाचा हात धरून उभी. लोक आमाला इचारतात, ही कोन? काय सांगायचं आमी? तानशाच्या लोकांच्या कानावर गेलं तर ते तरी घेतील का हिला?”

नवऱ्याची मान खाली गेली. मी तोंड उघडलं, आणि माझ्या दंडावर हात पडला. वन्स आतून आल्या होत्या. त्यांनी मला बाजूला केलं आणि ओटीवर, पुरुषांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. आवाज नेहमीसारखाच होता.

“काका, ह्याच अंगनात माझा मांडव पडला होता. बापूस नव्हता, म्हणून माझा हात तुमी धरलात नि एका मानसाच्या हातात दिलात. तोपन परकाच होता. मी त्याला बघला पन नव्हता. सगला गाव समोर उभा होता, नि कोन काय नाय बोलला.”

काकांनी काही बोलायला तोंड उघडलं. वन्स थांबल्या, त्यांना बोलू देण्यासाठी थांबल्या. त्यांनी बरोबरच्या जाणत्यांकडं पाहिलं.

“त्या मानसानं मला ह्याच दारात परत आनून सोडली,” वन्स म्हणाल्या. “काल माझा हात मी दिला. दारात म्हस आली. आता माझा हात कोनाच्या हातात देयाचा नि नाय देयाचा, ते मी बघीन. तानशाला तसं कळवा.”

मग माझ्या नवऱ्यानं मान वर केली. काकांकडं बघून तो म्हणाला, “कळवा तसं, काका.”

काका उठले, चपला घातल्या आणि जाणत्यांना घेऊन निघून गेले. तानशाचा विषय आमच्या घरात परत निघाला नाही.

धारेची वेळ झाली होती. वन्स चरवी घेऊन गोठ्यात गेल्या आणि नवरा त्यांच्यामागं कंदील घेऊन गेला. मी ओटीवर बसून रडत होते. सासू दाराशी होती तशीच बसली होती. गोठ्यातून धारेचा आवाज यायला लागला तेव्हा ती बोलली, माझ्याशी की स्वतःशी कोण जाणे.

“मी त्याच मांडवात होती,” ती म्हणाली. “आयस होती मी तिची. मीपन तवा काय नाय बोलली.”